होडीतून दिसलेली पाणबुडी

आपल्या राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की तापीच्या पात्रातील दगडी हत्ती सहज दृष्टीस पडतो. पावसाळ्यात पाणी चढू लागले म्हणजे आधी त्याचे पाय दिसेनासे होतात, मग पोट, आणि अखेरीस केवळ पाठ उरते. ज्याने तो हत्ती उन्हाळ्यात पाहिलेला नाही, त्याला ती पाठ म्हणजे एक साधा खडक वाटेल. पाणबुडीच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा होतो. आपण पाहतो तो तिचा अल्पसा अंश असतो, आणि त्यावरून संपूर्ण वस्तूचे निदान करावयाचे असते.

बऱ्हाणपूरसारख्या नदीकाठच्या गावात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु सुटीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे गेट वेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला लाँचने जातात, मालवणात आणि गोव्यात होडीतून फिरतात. मुंबई हे तर पाणबुड्यांचे घरच. ‘कलवरी’ वर्गातील सहाही पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. त्यांतील पहिली १४ डिसेंबर २०१७ रोजी आणि सहावी, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. दुसरीचे नाव ‘खांदेरी’. अलिबागजवळच्या ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली दुर्ग उभारला, त्याचेच हे नाव.

मात्र हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या वायव्येस सुमारे ७० सागरी मैलांवर ‘मार्थोमा’ ही मासेमारी नौका आणि नौदलाची ‘करंज’ ही पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते. ११ जणांना वाचविण्यात आले, दोघे मृत्युमुखी पडले. दोष कोणाचा, हे ठरविणे या लेखाचे काम नव्हे. पण एकाच पाण्यात वावरणाऱ्या दोन नौकांना एकमेकींचा वेळीच अंदाज येणे किती कठीण असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

हे कठीण का, ते पाहू. ‘कलवरी’ वर्गातील पाणबुडीची लांबी सुमारे साडेसदुसष्ट मीटर. पृष्ठभागावर असताना ती सुमारे १,६०० टन पाणी बाजूला सारते, तर पूर्ण बुडाल्यावर सुमारे १,७७५ टन. आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केला आहे. त्यानुसार हिशेब मांडला, तर वर तरंगत असतानाही तिचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्याबाहेर असतो. रशियन बनावटीच्या ‘सिंधुघोष’ वर्गातील पाणबुड्यांना दुहेरी कवच असल्यामुळे हे प्रमाण जवळजवळ चतुर्थांशापर्यंत जाते. त्या अधिक उंच, फुगीर व बोथट नाकाच्या दिसतात.

दुरून प्रथम नजरेत भरतो तो मधला काळा मनोरा. त्याच्या पुढेमागे बुटकी, गोलसर पाठ, आणि बऱ्याच अंतरावर, जणू दुसरीच एखादी वस्तू असावी तसे, सुकाणूचे उभे टोक. मनोरा व हे टोक यांच्यामधून लाटा वाहत असतात; म्हणून अननुभवी माणसाला तेथे दोन लहान होड्या असल्याचा भास होतो. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी आडवी पाती दिसली, तर ती ‘कलवरी’ वर्गाची असण्याचा संभव मोठा. ‘सिंधुघोष’ वर्गाच्या मनोऱ्यावर अशी पाती नसतात. रात्री फसगत अधिक. मनोरा बुटका आणि आखूड असल्याने त्यावरील दिवे एकमेकांजवळ येतात आणि एवढे मोठे जहाज एखाद्या लहानशा मासेमारी होडीसारखे भासते. काही देशांच्या पाणबुड्या याचसाठी जादा लुकलुकणारा पिवळा दिवा लावतात.

खरी परीक्षा मात्र पाणबुडी पाण्याखाली असताना. तेव्हा दिसते ती केवळ पेरिस्कोपची काठी. जाळ्याचा बोया किंवा निशाणाची काठीही तशीच दिसते. पण बोया लाटेबरोबर डोलतो, प्रवाहाबरोबर सरकतो. पेरिस्कोप डोलत नाही, प्रवाहाविरुद्धही सरळ चालतो आणि मागे फेसाची बारीक रेघ सोडतो. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा लागते. त्यासाठी ती स्नॉर्केल नावाची जाड नळी वर काढते. अशा वेळी रिकाम्या समुद्रावर धुराचा विरळ पट्टा दिसणे, डिझेलचा वास येणे, हीही लक्षणे होत.

आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना विभेदक निदानाची सवय असते, ती येथेही कामी यावी. कोकण किनाऱ्याजवळ डॉल्फिन नेहमीचे, देवमासेही अधूनमधून दिसतात. देवमासा श्वासाबरोबर फवारा सोडतो, पाठ वाकवून बुडी मारतो. पाणबुडीची पाठ वाकत नाही. उलटलेली होडी किंवा ओंडका जागच्या जागी हेलकावे खातो.

आता निदानानंतरचे उपचार. जवळून पाहण्याच्या मोहाने होडी तिकडे वळवू नये. विशेषतः मागच्या बाजूस जाऊ नये. पंखा पाण्याखाली असतो आणि सुकाणूचे टोक कुठवर पसरले आहे हे कळत नाही. तांडेलाला तत्काळ सांगावे. आपली दिशा एकाएकी बदलत राहण्याऐवजी दूर जाणारा एकच स्पष्ट मार्ग धरावा. पाण्याखालची पाणबुडी आवाजावर विसंबते, आणि इंजिन बंद करून जाळे टाकून बसलेली होडी जवळजवळ नि:शब्द असते, हेही ध्यानात असावे.

मुंबई बंदरात धक्क्याला लागलेली पाणबुडी हे नित्याचे दृश्य आहे. त्याची वर्दी देण्याचे कारण नाही. परंतु खोल समुद्रात, मासेमारीच्या पट्ट्यात संशयास्पद काही आढळले, तर वेळ, जीपीएसवरील स्थान आणि ती वस्तू कोणत्या दिशेने जात होती, एवढे टिपून ठेवावे. बिनतारी यंत्र असल्यास १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, नसल्यास तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कळवावे. ती आपली की परकी, हे ठरविणे त्यांचे काम. छायाचित्र काढून ते मोबाइलवरून मित्रमंडळींत फिरविणे मात्र कटाक्षाने टाळावे. पाणबुडीचे सारे सामर्थ्य ती कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नसण्यात असते.