झरणीची शाई हलवावी काय?

झरणी भरण्यापूर्वी शाईची बाटली हलवावी की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु शाईतील रंग पाण्यात विरघळलेला आहे की नुसता तरंगत आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून असल्यामुळे तो विचारास पात्र ठरतो.

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावी हा भेद समजण्यास सायास पडू नयेत. सुती धागा रंजकाच्या द्रावणात बुडविला म्हणजे रंजकाचे रेणू तंतूच्या आत शिरतात. उलट रंगद्रव्याने छापलेल्या कापडावर रंगाचे कण बंधकाच्या आधाराने पृष्ठभागीच राहतात. कागदही कापसाप्रमाणे मुख्यतः सेल्युलोजचाच. सबब शाईलाही हाच भेद लागू पडतो.

मोडी लेखनासाठी वापरली जाणारी काळी शाई काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून केली जाई. काजळ पाण्यात विरघळत नाही. डिंकामुळे त्याचे कण अलग राहतात खरे, पण कालांतराने ते एकत्र येऊन जड होतात. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा व्यास दहापट झाला की त्याचा तळाशी बसण्याचा वेग शंभरपट होतो. म्हणून दऊत ढवळावीच लागे. पुढे 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड व वड्या विक्रीस आणल्या. त्याही पाण्यात ढवळूनच विरघळवाव्या लागत.

झरणीची नेहमीची निळी शाई मात्र रंजकाचे खरे द्रावण असते. त्यातील रेणू आपोआप तळाशी बसत नाहीत. ती हलविल्याने लाभ नाही, उलट फेस होऊन झरणीत हवा शिरते. अशा शाईत साका दिसलाच, तर तो खाली बसलेला रंग नव्हे, बिघाडाची खूण होय. बुरशी आढळल्यास शाई टाकून द्यावी.

हिराकस व मायफळ यांपासून होणाऱ्या शाईत हवेतील ऑक्सिजनमुळे लोहाचा अविद्राव्य क्षार तयार होतो. तो हलवून पुन्हा विरघळत नाही. झरणीत गेल्यास तिचे बारीक मार्ग मात्र बुजवितो. येथे बाटली न हलविणे हेच श्रेयस्कर. याउलट झरणीसाठी बनविलेली रंगद्रव्याची शाई हलकेच उलटीपालटी करावी, आणि चकाकीचे कण असलेली शाई चांगली हलवूनच भरावी.

शंका असल्यास बाटली काही दिवस स्थिर ठेवून वरच्या थरातील थेंबाने एक रेघ ओढावी, नंतर बाटली हलवून दुसरी ओढावी. दोन्हींची छटा सारखी असल्यास हलविण्याचे कारण नाही.

संशोधकाने एवढे ध्यानात ठेवावे की, जी शाई हलवावी लागत नाही तिची अक्षरे बहुधा पाण्याने पसरतात व उन्हाने विटतात. काजळाच्या शाईने लिहिलेली दप्तरे आजही वाचता येतात. टिपणे दीर्घकाळ टिकावीत अशी इच्छा असेल, तर बाटली उलटीपालटी करण्याचा व झरणी वेळोवेळी धुण्याचा त्रास पत्करावा लागेल.