रंग आणि अट: ओरत्तनाडूच्या भाताचा तक्ता

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु तालुक्याचा बराच भाग कावेरीच्या जुन्या कालव्यांच्या आवाक्याबाहेर होता. तेथे खात्रीचे पाणी आले ते मेट्टूर धरणाबरोबर १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या कल्लणै कालव्यामुळे, आणि या कालव्याला स्थानिक लोक अजूनही ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, असेच म्हणतात. या पाण्यावर पिकणारे भात तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर ४० किलोंच्या पोत्यांत मोजून घेतले जाते, आणि तेथे भाव जितका महत्त्वाचा तितकाच दाण्यातील ओलावा महत्त्वाचा ठरतो. सरकारी खरेदीच्या निकषाप्रमाणे ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. त्याहून ओले भात वाळवून आणावे लागते. अशा केंद्राची आवक संगणकावरील तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, मांडायची झाल्यास पहिली इच्छा होते ती ओले भात लाल रंगाने उठून दिसावे ही, आणि घोळाला सुरुवातही नेमकी येथूनच होते.

हा लाल रंग दोन मार्गांनी देता येतो. एक म्हणजे प्रत्येक सेल, अर्थात तक्त्यातील चौकोन, नजरेने पाहून हाताने रंगवणे. दुसरा म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग, अर्थात सेलमधील मजकुराने एखादी अट पुरी केली की ठरलेला रंग आपोआप चढवणारी सोय. एक्सेल या स्प्रेडशीटच्या प्रणालीत ही सोय १९९७ च्या आवृत्तीत आली, तेव्हा एका सेलला तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीने ती मर्यादा काढली आणि रंगांच्या चढत्या-उतरत्या छटा, आडवे पट्टे आणि लहान चिन्हेही त्यात आणली.

ओरत्तनाडूच्या तक्त्यात ए स्तंभात तारीख, बी स्तंभात पोत्यांची संख्या, सी स्तंभात ओलावा आणि बाजूला एफ-१ या सेलमध्ये १७ हा आकडा आहे, असे समजावे. ए-२ पासून सी-२०० पर्यंतचा भाग निवडून ‘डॉलर-सी-२ हा डॉलर-एफ-डॉलर-१ पेक्षा मोठा’ असा नियम लिहिला की ओल्या भाताची संपूर्ण ओळ लाल होते. यातील डॉलरचे चिन्ह पैशाशी संबंधित नसून ते पत्ता खिळवण्याचे काम करते. सी च्या आधी डॉलर असल्यामुळे ओळीतील प्रत्येक सेल ओलाव्याच्याच स्तंभाकडे पाहते. ते विसरले तर बी स्तंभातील सेल डी कडे पाहू लागते आणि रंग भलत्याच ठिकाणी उमटतात. आणखी एक फसवी जागा म्हणजे ‘१२ टक्के’ असे शब्दासह लिहिलेली नोंद. एक्सेलच्या लेखी ती संख्या राहत नाही, मजकूर होते, आणि मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जात असल्यामुळे खडखडीत वाळलेले भातही लाल दिसते.

मर्यादेचा आकडा नियमात न कोंबता वेगळ्या सेलमध्ये ठेवण्याचे कारण याच प्रदेशात सापडते. अवकाळी पावसाने कावेरीच्या खोऱ्यातील पीक भिजल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा २० टक्क्यांपर्यंत शिथिल केली. एफ-१ मध्ये १७ च्या जागी २० लिहिताच सारा तक्ता नव्याने रंगतो. हाताने रंगवणाऱ्याला मात्र शेकडो ओळी पुन्हा तपासाव्या लागतात.

अटी एकापेक्षा अधिक असल्या तर त्यांचा क्रम पाहावा लागतो, कारण दोन अटी एकाच सेलला वेगवेगळे रंग देऊ लागल्या तर यादीत वर असलेली अट जिंकते. उदाहरणार्थ, हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनचा पाऊस जोरदार, ११५.६ पासूनचा अतिजोरदार आणि २०४.५ पासूनचा अत्यंत जोरदार मानला जातो. पावसाच्या तक्त्यात ६४.५ ची अट सर्वांत वर ठेवली, तर २५० मिलिमीटरचा दिवसही साध्या जोरदार पावसाच्या रंगात बुडून जातो.

यानंतरचा प्रश्न हमखास विचारला जातो: लाल ओळींतील पोत्यांची बेरीज सूत्राने करता येईल का? सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण एक्सेलची नेहमीची सूत्रे सेलचे मूल्य वाचतात आणि तिचा रंग त्यांना दिसत नाही. आडवाटा मात्र आहेत. रंगानुसार फिल्टर लावून सबटोटल हे सूत्र वापरले, तर डोळ्यांसमोर उरलेल्या ओळींचीच बेरीज मिळते आणि घाईच्या कामाला एवढे पुरते. गेट.सेल हे जुन्या मॅक्रो भाषेतले सूत्र ६३ या आकड्यासह वापरले, तर पार्श्वभूमीच्या रंगाचा क्रमांक देते. पण ते थेट सेलमध्ये लिहिता येत नाही, आधी त्याला नाव द्यावे लागते, फाइल मॅक्रोसह जतन करावी लागते, आणि रंग बदलला तरी उत्तर आपणहून बदलत नाही. मुख्य म्हणजे त्याला हाताने दिलेला रंगच कळतो, अटीने चढलेला कळत नाही. संकेतस्थळांवर या युक्तीचे जे कौतुक चालते ते तिच्या योग्यतेपेक्षा बरेच जास्त आहे.

खरे तर रंग ज्या अटीतून आला ती अटच सूत्राला द्यावी. सम-इफ हे सूत्र सी स्तंभात एफ-१ पेक्षा मोठा आकडा असलेल्या ओळी शोधून त्यांच्या बी स्तंभातील पोती मिळवते. रंग आणि बेरीज दोन्ही एकाच आकड्यावर चालतात, म्हणून ओलावा निव्वळ संख्येत नोंदलेला असेल तर त्यांच्यात तफावत पडत नाही. जेथे रंग हाताने दिलेला आहे आणि त्यामागे माणसाचा निर्णय आहे, उदाहरणार्थ ‘दाणा काळा पडला’ किंवा ‘मालक परत नेणार’, तेथे शेरा नावाचा एक स्तंभ वाढवून तो निर्णय शब्दांत लिहावा आणि रंग त्या शब्दावरून येऊ द्यावा.

शब्दांत नोंद ठेवण्याची ही रीत जुनीच आहे, आणि मराठी वाचकाला ओरत्तनाडु परका नाही. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मुक्ताम्बाल या आपल्या प्रियेच्या स्मरणार्थ छत्र, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, उभारले आणि तेथे शाळाही चालवली. तंजावरच्या मराठी राज्याचे दफ्तर मोडीत लिहिले जाई. मोडी हिशेबात जमा कोणत्या बाबीची आणि खर्च कशापायी, हे अक्षरांत नोंदलेले असते, त्यामुळे लिहिणाऱ्याला न विचारताही तो आज उलगडता येतो. हाताने पिवळ्या केलेल्या सेलचा अर्थ मात्र ती रंगवणाऱ्याची बदली झाली की कार्यालयात कोणालाच सांगता येत नाही.

शिवाय लाल आणि हिरवा यांतील फरक न ओळखता येणारी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या कचेरीत असतात, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तर हे दोन्ही रंग सारखेच करडे उमटू शकतात. रंगवलेला तक्ता पुढे पाठवण्यापूर्वी सगळे रंग पुसून पाहावेत आणि त्यातील काही कळेनासे झाले, तर तेवढे शब्दांत लिहूनच तो पाठवावा.