झालरीच्या बाह्यांमधला ट्रम्पेटवाला

'अलबेला' पुन्हा पाहाल तेव्हा 'दीवाना परवाना' या गाण्यात भगवानदादांच्या पायांवरून नजर काढून मागच्या वादकांकडे बघा. अवघड आहे, कारण ते पाय नजरेला सोडत नाहीत. पण मागे झालरीझालरींच्या बाह्यांचे, क्यूबाच्या नर्तकांना शोभावेत असे सदरे घातलेली मंडळी आहेत. वाद्यं हातात धरून माना डोलावण्यासाठी आणलेले हे एक्स्ट्रा नव्हेत. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात नाचाच्या रात्री रंगवणारा हा खराखुरा बँड आहे आणि त्याचे नायक आहेत चिक चॉकलेट.

नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकामुळे मी या माणसाच्या मागे लागलो. तोवर 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र यांची गाणी मी चालीसाठी आणि गळ्यांसाठी ऐकत होतो. पुस्तक वाचल्यावर तीच गाणी ऐकताना कान दोन ओळींमधल्या जागांकडे, तिथे उसळून येणाऱ्या पितळी वाद्यांकडे जायला लागले. आणि लक्षात आलं, की कळत्या वयापासून आपण चिक चॉकलेटना ऐकतच आलो आहोत, फक्त त्यांचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यात बार्देशमधल्या हळदोण्याचा. म्हापशाच्या नदीकाठचं हे गाव, सेंट थॉमसचं जुनं चर्च असलेलं. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत चर्चला जोडून शाळा असे आणि त्या शाळेत प्रार्थनेबरोबर संगीत शिकवलं जाई. आधी सोल्फेजो, म्हणजे कागदावरचे स्वर बघून ते अचूक म्हणणं. मग व्हायोलिन किंवा एखादं फुंकवाद्य. पोर्तुगीजांना रविवारच्या उपासनेसाठी गाणारे-वाजवणारे हवे होते. पण त्यातून तयार झाली ती नोटेशन झरझर वाचणाऱ्या वादकांची पिढ्यान् पिढ्यांची फळी. शेती आखूड आणि घरात माणसं फार, अशी ही मुलं वाद्याची पेटी घेऊन बाहेर पडत. संस्थानिकांचे बँड, लष्कराचे आणि पोलिसांचे बँड, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं, आगबोटी, मूकपटांच्या थिएटरांत पडद्यापुढे बसून वाजवणारे ताफे अशी सगळीकडे ती पसरली. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला आणि थिएटरांतली ही कामं आटली. पुढे त्याच बोलपटांनी त्यांना पोसलं, पण मधली काही वर्षं हॉटेलांच्या नाचघरांचीच होती. चिकही तरुणपणी थेट रंगूनपर्यंत जाऊन वाजवून आले.

त्याच सुमारास मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडत होती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन 'ताज'मध्ये आले. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड हे शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात खुद्द लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबत बसलेले. १९२६ साली ते अमेरिका सोडून पूर्वेकडे आले, शांघायपासून मुंबई-कोलकात्यापर्यंत वाजवत राहिले आणि १९४५ साली कोलकात्यात कॉलऱ्याने गेले. आपल्या देशात ज्यांना मागच्या दाराने हॉटेलात शिरावं लागे, असे हे कलावंत मुंबईत झगमगत्या मंचावर मध्यभागी बसत. त्यांच्या बँडमध्ये रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या भरायला गोव्याची मुलं तयार होती.

तयार होती, पण एक गोष्ट त्यांना शाळेने शिकवलेली नव्हती. जॅझमध्ये कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन स्वरांतला पहिला जरा लांबतो, दुसरा आखूड पडतो. जोर अपेक्षित मात्रेवर न येता तिच्या शेजारी येतो. आणि मग एका क्षणी कागद बाजूला सारून मनाचं वाजवायचं असतं. ढोलकीचे बोल वहीत उतरवता येतात, त्यातली लचक उतरवता येत नाही, तसंच हे. ज्या मुलांचा सगळा अभिमान कागद बिनचूक वाचण्यात होता, त्यांना कागद सोडायला शिकणं किती कठीण गेलं असेल! ते शिकले ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून, सुई पुन्हा पुन्हा मागे नेत, आणि क्रिकेट स्मिथसारख्यांच्या शेजारी बसून.

चिक यांनी आपला गुरू निवडला तो लुई आर्मस्ट्राँग. निवडला म्हणजे संपूर्ण घेतला. तार सप्तकातल्या झेपा, खरखरीत आवाजातलं गाणं, घाम टिपायचा पांढरा हातरुमाल, श्रोत्यांकडे बघून केलेलं दिलखुलास हसू. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ही पदवी त्यांना मोठं करून गेली आणि नंतर तिनेच त्यांचं नुकसान केलं. कारण जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांना नक्कल म्हटलं की पुढे बघायची गरज वाटत नाही.

इथे मला जरा थांबून भांडायचं आहे. आपल्याकडे 'रंजन' या शब्दाला गंभीर माणसं कमी लेखतात. खुद्द आर्मस्ट्राँग यांनाही हे सोसावं लागलं. १९२०च्या दशकात 'हॉट फाइव्ह'च्या तबकड्यांमधून ज्यांनी एकट्या वादकाच्या उत्स्फूर्त वादनाला जॅझच्या केंद्रस्थानी आणलं, त्यांच्याच मंचावरच्या हसण्या-बागडण्यावर पुढच्या पिढीच्या डिझी गिलेस्पी यांनी टीका केली. आणि पुढे आत्मचरित्रात त्याच गिलेस्पींनी त्या हसण्यामागचं बळ मान्य केलं. श्रोत्याला खूश करणं हा आर्मस्ट्राँग यांच्या कलेवर चढवलेला मुलामा नव्हता, तिचा गाभा होता. चिक यांनी नेमकं हेच उचललं. मंचावर उभं राहून पहिल्या काही सुरांत सभागृह आपलंसं करायचं, नाचणाऱ्यांचे पाय थांबू द्यायचे नाहीत आणि तरीही ट्रम्पेटचा एकही सूर ढिला पडू द्यायचा नाही. ज्याने ट्रम्पेट हातात धरून पाहिली आहे त्याला विचारा. ओठांचे स्नायू रात्रभर ताणून, वर हसतही राहणं ही काय मेहनत आहे ते तो सांगेल.

१९४०च्या दशकात 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा बँड मुंबईत नावारूपाला आला. महायुद्धाचा काळ, शहरात गोऱ्या सैनिकांची गर्दी, नाचघरं भरलेली. मिकी कोरिया, फ्रँक फर्नांड अशी एकापेक्षा एक गोवेकर मंडळी तेव्हा मुंबईत होती. मग युद्ध संपलं, इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, आणि मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला. ज्या रात्रींवर बँड जगत होते त्या रात्रीच संपत आल्या. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणाऱ्या गोवेकरांच्या निवासांत, वाद्याच्या पेट्या घेऊन बसलेली माणसं आता दादर, ताडदेव, अंधेरीच्या स्टुडिओंकडे वळली.

तिथे त्यांची गाठ पडली ती आपल्या मराठी माणसांशी. त्यांत सगळ्यांत मोकळ्या मनाचे होते रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, सगळ्यांचे अण्णा. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले, गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटी वाजवून वर आलेले. मराठी घरांत अण्णांची ओळख 'अनारकली'चे आणि १९६३च्या 'ऐ मेरे वतन के लोगो'चे संगीतकार म्हणून. त्यांची पाश्चात्त्य ढंगाची गाणी मात्र अजूनही खोडकरपणा म्हणून बाजूला ठेवली जातात. मला ती त्यांच्या सर्वोत्तम कामापैकी वाटतात, आणि त्या कामात चिक यांचा मोठा वाटा आहे.

काम कसं चाले? संगीतकार पेटीवर चाल सांगे. गोवेकर सहाय्यक ती ऐकता ऐकता कागदावर उतरवी, मग ठरे की मुखड्याआधी काय वाजेल, दोन अंतऱ्यांमधली जागा कोण भरेल, ट्रम्पेट उघडी वाजेल की तोंडाला म्यूट लावून. प्रत्येक वादकाचा भाग वेगळा लिहिला जाई. ध्वनिमुद्रण सलग होई, गायक आणि वादक एकाच वेळी. माइक मोजके, म्हणून ट्रम्पेटसारखं दणदणीत वाद्य लांब उभं करायचं आणि बासरी जवळ. एकाचा सूर चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. कागद वाचण्याची हळदोण्याच्या शाळेतली शिस्त आणि कागद सोडण्याची 'ताज'मधली धिटाई, दोन्ही इथे एकाच वेळी लागत.

'समाधी' (१९५०) मधलं 'गोरे गोरे' घ्या. मूळ चाल परदेशी, 'चिको चिको' या नावाची. कार्मेन मिरांडा यांनी १९४५च्या 'डॉल फेस' या चित्रपटात ती गायली होती. आझाद हिंद सेनेच्या कथेवरच्या चित्रपटात, नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर यांच्या तोंडी, लता आणि अमीरबाईंच्या आवाजात ती आली आणि गल्लोगल्ली पोचली. चाल उसनी आहे हे मान्य. पण नुसती चाल उसनी आणून गाणं असं नाचत नाही. तो ठेका अंगात मुरलेले वादक लागतात, ज्यांनी रात्री रात्री जागून रुंबा वाजवला आहे असे. वर्षभराने आलेल्या 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'मध्ये उसनेपण संपलेलं आहे. चाल अण्णांची, आवाज लता आणि खुद्द चितळकर यांचे, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, आणि त्याखाली धावणारी ती लॅटिन लय गोवेकरांच्या हातातली. कॅरिबियन बेटांपासून दादरपर्यंतचा प्रवास त्यात आहे, आणि कुठेही सांधा दिसत नाही. भगवानदादांनी त्यावर जे साधे, कमरेतून झुलणारे पदन्यास टाकले, ते गणपतीच्या मिरवणुकीत आजही कुणालाही येतात. पुढे १९५७ला 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' आलं. निरर्थक शब्दांवर गळा मोकाट सोडायची रीत आर्मस्ट्राँग यांनी ज्या 'स्कॅट'मध्ये रुजवली, तिचंच हे मुंबईतलं भावंड. त्या गाण्याच्या शब्दांत अण्णांचे गोवेकर सहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणीची भर घातली, असं सांगितलं जातं.

या गाण्यांवर नाराज असलेलीही मराठी माणसंच होती. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले, आणि आकाशवाणीवर सिनेगीतांना उतरती कळा लागली. असल्या पाश्चात्त्य वळणाच्या संगीताने अभिरुची बिघडते अशी त्यांची खरोखरची धारणा होती. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, कारण त्यांना हवं ते तिथे वाजत होतं. ज्याला परकं म्हणून दूर लोटलं जात होतं, ते वाजवणारा माणूस मुंबईहून बोटीने एका रात्रीच्या अंतरावर जन्मलेला होता.

आता श्रेयाबद्दल. 'अलबेला'च्या काळात पडद्यावर गीतकार, संगीतकार यांची नावं येत. वादकांची येत नसत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे व्यूह रचणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस, अशी किती माणसं! अँथनींचं नाव १९७७ साली एका गाण्यात आलं, तेव्हाही ते खऱ्या माणसाचं आहे हे बहुतेकांना कळलंच नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८च्या 'बिहाइंड द कर्टन'मध्ये अशा वादकांशी बोलून त्यांचं जगणं नोंदवून ठेवलं, हे त्यांचे उपकार. अण्णांवर मराठीत इतकं लिहिलं गेलं, त्यांच्या वादकांवर फारच थोडं.

या सगळ्यांत चिक यांचं वेगळेपण हे, की ते पडद्यामागे अनामिक झालेल्यांतले नव्हते. दिवसा स्टुडिओत सहाय्यक असलेला हा माणूस संध्याकाळी आपल्या नावाच्या बँडपुढे उभा राही; त्याचं नाव बघून लोक तिकिटं काढत. म्हणून तर भगवानदादांनी त्यांना थेट कॅमेऱ्यासमोर आणलं असावं. इतका दिसलेला माणूसही आपल्या स्मरणातून जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे ते मदन मोहन यांचे सहाय्यक झाले. गझलेचे बादशहा म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्या खोलीत हा आर्मस्ट्राँगचा शिष्य बसत होता. मदन मोहन यांची गाणी या नजरेने तपासण्यासारखी आहेत; व्हायोलिनच्या ताफ्यांच्या, पियानोच्या जागा मोजत बसावं इतका तो ऐवज दाट आहे. मे १९६७मध्ये चिक गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

सहाय्यकाच्या कामाखेरीज 'नादान', 'रंगीली' आणि 'कर भला' या चित्रपटांना त्यांनी संगीतही दिलं. 'नादान' १९५१चा, म्हणजे 'अलबेला'च्याच वर्षीचा, देव आनंद आणि मधुबालाचा. त्यातलं तलत महमूद यांचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' ऐका. संथ, हळवं, तलतच्या आवाजातल्या कंपाला जपत जाणारं गाणं. नाचघर दणाणून सोडणाऱ्या ट्रम्पेटवाल्याकडून इतकी मऊ चाल येईल असं वाटत नाही, पण आर्मस्ट्राँग यांचं संथ वादन ऐकलेल्यांना नवल वाटणार नाही. तलतच्या चाहत्यांच्या मैफलींत हे गाणं आजही म्हटलं जातं. निवेदकाने तलतचं नाव घ्यावं, मधुबालेचं घ्यावं, आणि मग संगीतकाराचंही पूर्ण घ्यावं: चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, मुक्काम हळदोणे, बार्देश.