काम गुरुजींचे, दाम रोजंदारीचे
नंदुरबारच्या आश्रमशाळांत इंग्रजी कोण शिकवते आणि कोणत्या करारावर?

नंदुरबार - इ.स. २००० हे वर्ष महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात दोन निर्णयांमुळे लक्षात राहिले. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना त्या वर्षी जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यावर भरपूर चर्चा झाली, वाद झाले, अग्रलेख लिहिले गेले. त्याच वर्षी राज्यात शिक्षणसेवक योजनाही आली, आणि तिच्याकडे मात्र शहरी वाचकाचे फारसे लक्ष गेले नाही. इंग्रजी पहिल्या इयत्तेत आणायचे आणि ते शिकवणाऱ्याला तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर ठेवायचे, असा हा जोडनिर्णय होता. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारमध्ये त्याचे परिणाम आजही पाहायला मिळतात.

मानधन आणि वेतन हे शब्द बोलताना एकच वाटले, तरी सरकारी कागदावर त्यांत मोठे अंतर आहे. वेतन म्हटले की श्रेणी आली, महागाई भत्ता आला, वार्षिक वेतनवाढ आली. मानधन म्हणजे ठरवलेला आकडा; तो बदलायचा तर नवा शासन निर्णय निघावा लागतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सुरुवातीला दरमहा ३ हजार रुपये होते. माध्यमिकला ४ हजार आणि उच्च माध्यमिकला ५ हजार. २०१२ च्या सुमारास ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार झाले. त्यानंतरची वाढ थेट जानेवारी २०२३ पासून मिळाली आणि आकडे १६, १८ व २० हजारांवर गेले. मधल्या काळात डाळ, भाडे, एसटीचे तिकीट यांपैकी काहीही थांबले नव्हते.

एक साधा हिशेब करून पाहावा. २०२२ मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे ६ हजार रुपये महिन्याच्या २६ दिवसांत विभागले, तर रोजचे २३१ रुपयेही होत नाहीत. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २५६ रुपये होता. म्हणजे पदविका घेतलेला, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला गुरुजी मातीकाम करणाऱ्या मजुरापेक्षा स्वस्त पडत होता. मजुराला जास्त मिळाले याचे दुःख नाही. त्याचेही पोट त्यात भरत नाही. तथापि, ज्या राज्याने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्याच राज्यात शिक्षकाने त्या दराचा हेवा करावा, हे विचित्र आहे.

तरीही शिक्षणसेवकाची अवस्था त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल. तीन वर्षे काढली की त्याला नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९ हजार २०० रुपयांपासून आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे ३८ हजार ६०० रुपयांपासून सुरू होते. त्याच्या बोगद्याला शेवट आहे. खरी अडचण त्याच्याही खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यांची आहे, आणि ती पायरी आश्रमशाळेत सापडते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे आणि साक्षरतेचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी, सुमारे ६४ टक्के आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरच्या मुलांसाठी निवासी आश्रमशाळा हाच शिक्षणाचा मुख्य मार्ग. या शाळांचा कारभार शालेय शिक्षण विभागाकडे नसून आदिवासी विकास विभागाकडे आहे. जिल्ह्यात त्याची नंदुरबार आणि तळोदा अशी दोन प्रकल्प कार्यालये आहेत. नियमित भरती रखडली की रिक्त जागेवर स्थानिक पातळीवर रोजंदारी किंवा तासिका तत्त्वावर माणूस नेमला जातो. जूनमध्ये शाळा उघडली की आदेश निघतो आणि उन्हाळी सुटी लागली की तो संपतो. तासिका तत्त्वावर जितके तास शिकवले तितकेच पैसे. दिवाळीची सुटी आणि मे महिना कोरडा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतीक्षा.

अशा रीतीने आठ-दहा वर्षे काढलेली माणसे या जिल्ह्यात आहेत. कागदावर मात्र प्रत्येक वर्ष हे त्यांचे पहिलेच वर्ष असते.

येथे कायद्याची एक गाठ समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या कारखान्यातील कामगाराला अचानक घरी पाठवले, तर तो कामगार न्यायालयात जाऊ शकतो. शिक्षकाला तो मार्ग नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक हा कामगार ठरत नाही, कारण अध्यापन हे उदात्त कार्य आहे. परिणामी आमचा गुरुजी मस्टरवर रोजंदार आहे आणि कायद्यापुढे कामगारही नाही. उदात्ततेचा असा खर्च क्वचितच कुणाला सोसावा लागला असेल.

दुसरी गाठ १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाची. कर्नाटक सरकारच्या त्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले की भरतीचे नियम डावलून मागच्या दाराने आलेल्यांना सेवेत कायम करता येणार नाही. मात्र मंजूर पदावर न्यायालयाच्या आदेशाविना दहा वर्षे काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांचा एकवेळ विचार करावा, अशी मुभाही दिली. प्रशासनांनी निकालाचा पहिला भाग पाठ केला. खंडित नेमणुकीचे कारण बचत एवढेच मानण्याची पद्धत आहे; दहा वर्षांचा हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की सुटीतल्या खंडाला दुसराही अर्थ येतो.

गेल्या काही वर्षांत न्यायालयाचा सूर बदललेला दिसतो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितले गेले. उमादेवी निकालाचा ढालीसारखा वापर करू नये, ही समज डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर शेजारच्या गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना दरमहा ३० हजारांवर राबवून घेण्याबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरले आणि नियमित श्रेणीचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला. नवापूरहून गुजरातची हद्द चालत जाण्याइतकी जवळ आहे.

नेमक्या याच वर्षी महाराष्ट्राचा आदिवासी विकास विभाग उलट दिशेने निघाला. मे २०२५ मध्ये शासकीय आश्रमशाळांतील १,७९१ पदे बाह्यस्रोतातून, म्हणजे खासगी संस्थेमार्फत भरण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध जुलैमध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड आंदोलन मांडले. भर पावसात माणसे रस्त्यावर राहिली. त्यांचा आक्षेप केवळ रकमेवर नव्हता. रोजंदारीत निदान मालक तरी सरकार असते. बाह्यस्रोतात शिक्षक शाळेत शिकवतो, मुख्याध्यापकाचे ऐकतो, पण नोकर मात्र एजन्सीचा असतो. पगार थकला की शाळा एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी न आलेल्या अनुदानाकडे.

वस्तुतः सरकारला शिक्षकाची किंमत कळत नाही, असेही म्हणता येत नाही. जुलै २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षक घेण्याचे ठरवले, तेव्हा त्यांना दरमहा २० हजार रुपये देऊ केले. निवृत्तिवेतन वेगळे. नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला त्या वेळी १६ हजार मिळत होते! केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांत पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन ४४ हजार ९०० रुपयांपासून सुरू होते. मुले त्याच पाड्यांवरची, विषय तोच, पुस्तकातला धडाही बहुधा तसाच. दाम मात्र पाटीवरच्या नावाप्रमाणे.

इंग्रजीच्या शिक्षकाची अशी उपेक्षा केवळ आपल्याकडेच होते असे नाही. जपानसारख्या श्रीमंत देशातही परदेशी इंग्रजी शिक्षकांची हीच तक्रार आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या तेथील सरकारी 'जेट' योजनेत मानधन बरे. पण अनेक नगरपालिकांनी कंत्राटी कंपन्यांकडून स्वस्तात शिक्षक घेणे पसंत केले. 'नोव्हा' ही तेथील बलाढ्य भाषा-शाळांची साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार बुडाले. तेथे एक दुरुस्ती मात्र झाली. २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मुदतीचे करार पाच वर्षांहून अधिक काळ चालू राहिले, तर कर्मचारी बेमुदत कराराची मागणी करू शकतो. त्यातही पळवाटा आहेत, मालक पाचव्या वर्षाआधीच करार संपवतात. पण दार कोठे आहे ते तरी कायद्यात लिहिलेले आहे.

या सगळ्याची झळ अखेर कोणाला बसते? मोलगी किंवा तोरणमाळ परिसरातले मूल घरी भिली किंवा पावरी बोलते. शाळेची मराठी ही त्याच्यासाठी शिकायची भाषा, आणि इंग्रजी त्यानंतरची. अशा मुलाला शिकवायचे तर त्याची बोली थोडी तरी कळावी लागते, ते कोठे अडखळते हे ओळखावे लागते. याला एक-दोन वर्षे जातात. तेवढ्यात गुरुजींचा आदेश संपतो, पुढच्या वर्षी दुसरे कोणी येते आणि मुळाक्षरांपासून पुन्हा सुरुवात होते. अध्यापनातला हा खंड कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. दहावीच्या निकालपत्रात इंग्रजीच्या रकान्यात तो दिसतो, आणि तेथे तो मुलाच्या नावावर जमा होतो.

सध्या अशा नेमणुकीवर असलेल्यांनी काही कागद जपून ठेवावेत: दर वर्षीचा नियुक्ती आदेश, हजेरीपटाच्या प्रती, वेळापत्रक आणि मानधन जमा झाल्याची बँकेची नोंद. एजन्सीमार्फत काम करत असल्यास भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक स्वतःकडे असावा आणि त्यात खरोखर पैसे जमा होतात की नाही, हे दर महिन्याला पाहावे. न्यायालयात सलग सेवा सिद्ध करायची वेळ आली, तर हेच कागद विचारले जातात, आणि बदलून गेलेल्या मुख्याध्यापकाकडून ते नंतर मिळवणे फार कठीण असते.