पाना हातात, वही खिशात

दहावीचा निकाल लागला की काही पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "सर, पोराचं पुस्तकात मन नाही, पण हात चांगला चालतो. गॅरेजवर बसवू का?" हात चांगला असणे ही अल्लाहची देणगी आहे. प्रश्न इतकाच, की तो हात आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमावर चालावा, की एक दिवस त्याने अख्खा कारखाना चालता ठेवावा?

कारखाना, हॉस्पिटल, मोठे हॉटेल, अशा प्रत्येक ठिकाणी देखभाल विभाग असतो. पंप, मोटार, लिफ्ट, जनरेटर, बॉयलर चालू ठेवणे हे त्याचे काम. या विभागाचा प्रमुख म्हणजे मेंटेनन्स मॅनेजर. बिघडलेले यंत्र दुरुस्त करणारा तो मिस्त्री. यंत्र बिघडूच नये म्हणून आधी तजवीज करणारा तो मॅनेजर. वेळेवर ग्रीस न मिळालेले बेअरिंग आधी तापते, आवाज करते, मग शाफ्ट खराब करते आणि शेवटी सगळे काम थांबवते. तापमान आणि आवाज यांची रोज नोंद ठेवली, तर ही खबर आधीच मिळते.

इथे शाळेतले गणित कामी येते. समजा, एक पंप महिन्यात ६०० तास चालला, ३ वेळा बंद पडला आणि दुरुस्तीला एकूण ६ तास गेले. म्हणजे दर २०० तासांनी एक बिघाड आणि प्रत्येक दुरुस्तीला सरासरी २ तास. पुढच्या महिन्यात पहिला आकडा वाढावा आणि दुसरा घटावा, यासाठीच मॅनेजरची सारी धडपड. कोणता सुटा भाग साठ्यात ठेवायचा, कोणते यंत्र कधी थांबवायचे, हे तो या नोंदींवरून ठरवतो.

वाट लांब आहे, पण बंद नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळते. तिथे काम शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला महाराष्ट्रात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पुढे टेक्निशियन, सुपरवायझर, इंजिनिअर अशा पायऱ्या चढत माणूस मॅनेजर होतो. आयटीआयला सहसा वयाची वरची मर्यादा नसते, म्हणून आधीच गॅरेजवर बसलेल्या मुलानेही हिंमत हारू नये. मुलींनाही हे दार तितकेच खुले आहे.

या कामात जोखीम आहे. म्हणूनच चांगल्या कारखान्यात मशीन उघडण्यापूर्वी वीज तोडून स्विचला कुलूप लावतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. घाईत हा नियम मोडू न देणे, ही मॅनेजरची मोठी अमानत. त्याच्या एका 'नाही'वर कुणाचा तरी बाप संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचतो.

आखातात जाऊ पाहणाऱ्या मुलांनाही आम्ही हेच सांगतो. हुनर तुमच्याजवळ आहे, पण परक्या मुलुखात तो आधी कागदावर पाहिला जातो. प्रमाणपत्र नसलेला उस्ताद हेल्परच्या पगारावर राबतो.

तेव्हा पालकहो, पोराच्या हातात पाना जरूर द्या. पण खिशात एक वही आणि पेनही ठेवा, आणि आज काय बिघडले, का बिघडले, हे रोज रात्री त्याला लिहायला लावा.