‘आता आराम करा’ असे म्हणण्यापूर्वी

नोकरी संपली की घरची मंडळी प्रेमाने सांगतात, ‘आता काही करू नका, आराम करा.’ हा सल्ला तंतोतंत पाळणारे अनेक जण पुढे माझ्या दवाखान्यात येतात. झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही. अशा वेळी ज्यांचे काम निवृत्तीच्या तारखेपाशी थांबले नाही, अशी काही माणसे मला आठवतात.

डॉ. जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर विश्वाच्या इतिहासाचा वेध घेतला. १९८८ साली पुण्यात त्यांनी ‘आयुका’ उभारली आणि २००३ साली ते संचालकपदावरून निवृत्त झाले. पृथ्वीवर जीवसृष्टी अंतराळातून आली असेल का, हा त्यांचा प्रश्न मात्र निवृत्त झाला नव्हता. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या एका महाकाय बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. या प्रयोगाचे प्रमुख नारळीकर होते. नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या; त्यांतील एकीला त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. ते जिवाणू अंतराळातूनच आले, हे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. अर्धे उत्तर हाती घेऊन पुढचा प्रश्न विचारण्याची ही वृत्ती मला औषधाइतकीच मोलाची वाटते.

डॉ. माधव गाडगीळ २००४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून निवृत्त झाले. पश्चिम घाटाच्या अभ्यासगटाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले २०१० साली, सत्तरी जवळ आली असताना. त्या अहवालावर कडाडून टीका झाली, तरी ते गावकऱ्यांमध्ये जाऊन बोलत राहिले. २०२४ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला.

‘ती थोर माणसे, आमचे काय?’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले आणि गावोगावच्या अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गरोदर स्त्रियांची काळजी घेणे, बाळांची वजने करणे ही कामे त्यांनी समर्थपणे सांभाळली. ती शिकण्यासाठी पदवी लागली नाही.

कामाने रक्तदाब आपोआप उतरतो, असे मी म्हणणार नाही. गोळ्या चालूच ठेवाव्यात. काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना मात्र एक विनंती आहे. वडीलधाऱ्यांनी वाचन किंवा बोलणे सोडले, तर आधी मोतीबिंदू आणि श्रवणशक्ती तपासून घ्यावी. दिवसभर गुंगी असेल, तर झोपेच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता, अरुची राहिली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये; नैराश्य, थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक बोलणे असंबद्ध झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि ज्यांना काम हवे आहे, त्यांच्यासाठी गाडगीळांनीच एक वाट करून ठेवली आहे. लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना त्यांनी रुजवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी नोंदवही तयार होणे अपेक्षित आहे. ओढ्याकाठी पूर्वी कोणती झाडे होती, कोणत्या पाल्याची भाजी होत असे, कोणता पक्षी आता दिसत नाही, हे गावात फक्त सत्तरीपलीकडच्यांनाच ठाऊक असते. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारावे: ही वही कोठे आहे, आणि तिची कोणती पाने अजून कोरी आहेत?