खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

एसएसडी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या कंपनीची चांगली?" दुकानदार एक नाव सांगतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पण त्या नावात हमी नेमकी कशाची, हे एसएसडीचं पोट पाहिलं की कळतं.

आत मुख्य गोष्टी दोन: माहिती साठवणाऱ्या नँड फ्लॅश चिप आणि त्यांचा कारभार पाहणारा कंट्रोलर. एसएसडीचे ब्रँड ढिगानं आहेत, नँड बनवणाऱ्या कंपन्या मात्र थोड्याच. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया आणि तिची भागीदार सँडिस्क, चीनची वायएमटीसी. मोठी नावं इथेच संपतात. सॅमसंग बहुधा नँड आणि कंट्रोलर दोन्ही स्वतःचे वापरते. बरेच ब्रँड चिप एकीकडून घेतात, कंट्रोलर फायसन किंवा सिलिकॉन मोशनकडून, आणि वर आपलं स्टिकर लावतात. यात लबाडी नाही. मात्र पुढच्या खेपेला वेगळी चिप स्वस्त मिळाली, तर मॉडेल तेच राहून आतला माल बदलू शकतो.

क्रुशियल पी2 चं तेच झालं. हा तर चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचा स्वतःचा ब्रँड! 2020 मध्ये ही एसएसडी आली तेव्हा आत टीएलसी नँड होतं, म्हणजे एका सेलमध्ये 3 बिट. 2021 मध्ये त्याच नावाखाली 4 बिटांचं क्यूएलसी येऊ लागलं. बिट एकच वाढला, पण सेलमधल्या विद्युत पातळ्या 8 च्या 16 झाल्या. इतक्या बारीक फरकानं लिहायचं तर वेळ जास्त लागतो आणि सेल झिजतोही लवकर. रोजच्या कामात हे जाणवत नाही, कारण काही सेल राखून त्यांत तात्पुरता एकेकच बिट लिहिला जातो आणि वेग टिकतो. लग्नाचं सगळं शूटिंग एकदम कॉपी करायला घ्या. ती राखीव जागा भरली की वेग साध्या हार्डडिस्कच्याही खाली जातो.

गंमत म्हणजे या बदलाची खूण पहिल्या दिवसापासून कागदावर होती. 500 जीबीच्या पी2 ला वॉरंटी होती 150 टीबी लेखनाची. तेवढ्याच सॅमसंग 970 इव्हो प्लसला 300 ची. या आकड्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. मी तर वेगाआधी हाच वाचतो. जाहिरातीत वेग कितीही फुगवता येतो, पण हा आकडा फुगवला तर बदलून द्यायचे नग कंपनीच्याच अंगावर येतात.

पॉवर सप्लायमध्ये नाव आणखी फसवं. कॉर्सेअरसारखा ब्रँडही एक मालिका एका कारखान्याकडून, दुसरी दुसऱ्याकडून बनवून घेतो. 80 प्लसचं सोनेरी स्टिकर फक्त वीज किती वाया जाते तेवढं सांगतं. शॉर्ट झाल्यावर तो नीट बंद पडेल का, हे सांगत नाही. गिगाबाइटचे मदरबोर्ड वर्षानुवर्षं खपत आलेत, तरी 2021 मध्ये तिच्या दोन पॉवर सप्लाय मॉडेलचे ठरावीक सिरियल नंबरचे नग बदलून द्यायची पाळी आलीच.

मग ब्रँडचा उपयोग काय? नग बिघडल्यावर. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर निघाले, तेव्हा 2024 मध्ये कंपनीनं खोकाबंद नगांची वॉरंटी 2 वर्षांनी वाढवून 5 केली. ट्रेमधून सुटा प्रोसेसर घेतला असेल, तर मात्र वॉरंटी विकणाऱ्याकडेच मागायची. म्हणून दुकानात विचारायचं ते हे: सर्व्हिस सेंटर कुठं आहे, आपल्या गावाहून कुरिअर कोणाच्या खर्चानं, बदली नग नवा की दुरुस्त केलेला? बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते बघा. नव्या नगाचा आकडा शून्याच्या आसपास हवा. शेकड्यात असेल, तर त्याच दिवशी बिल घेऊन परत दुकान गाठा.